रुमाल पांढराच राहायचा

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून निघालेली नाही. नवऱ्यापाशी नाही, मुलीपाशी नाही. देवापुढे हात जोडून उभी असतानाही मन तिच्याजवळ येऊ लागलं, की मी घाईघाईनं दुसरं काहीतरी मागायला लागते—मुलीची तब्येत, नवऱ्याची रक्तदाबाची गोळी, असलं काहीबाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर सांगितलं असतं का? नसतं. हेही आधीच सांगून टाकते.

सुरुवात कुठून करू? तीन-चार ठिकाणांहून करून पाहिली आणि प्रत्येक वेळी लक्षात आलं, की मी अशी जागा शोधतेय जिथून माझा दोष जरा लहान दिसेल. तशी जागा नाही.

मी सुरतेत आले ती लग्न होऊन. माहेर पारोळ्याजवळचं लहानसं गाव. शिकले अमळनेरला, केमिस्ट्रीत बी.एस्सी. आमच्याकडून सुरतेला येणारी माणसं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर जायची, नाहीतर मार्केटात साड्यांची गाठोडी वाहायची. मी आले आणि शहराबाहेरच्या सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लॅबमध्ये बसले, पांढरा कोट घालून. पर्वत पाटियाला आम्ही राहतो तिथल्या बायका मला मॅडम म्हणायला लागल्या, आधी थट्टेनं आणि मग खरोखरच. ते मला फार आवडायचं—किती आवडायचं, हे आता सांगून ठेवायलाच हवं. पुढचं सगळं त्यातूनच आलंय.

कारखाना लहान. कापड मऊ करायची रसायनं बनायची. मग शेठनं नवा माल काढायचं ठरवलं, डिझेलमध्ये घालायचं औषध. औषध हा त्यांचाच शब्द. त्यात सिरियम नावाच्या धातूचा ऑक्साइड असायचा. फिकट पिवळी पावडर, मैद्याहून बारीक, राखेहून बारीक—एवढी बारीक, की तिचा एक कण आमच्या लॅबच्या मायक्रोस्कोपखालीही दिसला नसता. ती एका तेलकट द्रवात मिसळायची, बाटल्या भरायच्या, आणि गाडीच्या टाकीत झाकणभर ओतायचं. मग डिझेल अधिक पूर्ण जळतं आणि काळा धूर कमी होतो. हे खोटं नव्हतं, बरं का. धूर खरंच कमी व्हायचा. पावडर तळाशी बसून जायची, ती बसू नये असं मिश्रण जमवायला मला कितीतरी महिने लागले. जमलं त्या दिवशी शेठनं सगळ्यांना फाफडा-जिलेबी मागवली आणि गुजरातीतून सगळ्यांसमोर म्हणाले, की आ माल बेननो छे, हा माल आमच्या बहिणीचा आहे.

भगवानभाऊला मीच तिथे आणलं.

तो माझ्या माहेरच्या गावचा. सख्खा नव्हे, पण गावचा भाऊ तो भाऊच. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, तरी मला ताई म्हणायचा. बरीच वर्षं लूमवर काढलेली आणि त्या खडखडाटानं ऐकू कमी यायला लागलेलं. त्याची बायको रंजना वहिनी एकदा मला म्हणाली, की घरात यांच्याशी बोलायचं म्हणजे भांडल्यासारखं ओरडावं लागतं, शेजाऱ्यांना वाटतं रोज भांडण आहे. मी शेठकडे शब्द टाकला. भगवानभाऊला मिसळायच्या खोलीत काम मिळालं. पावडर तोलायची, मिश्रण ढवळायचं, बाटल्या भरायच्या, आणि मागच्या शेडमधला जनरेटर चालवायचा. त्या जनरेटरवर आम्ही माल तपासायचो आणि गिऱ्हाइकांना दाखवायचो. दोन-तीन महिन्यांनी वहिनी भेटली तेव्हा हसत होती. म्हणाली, आता जरा हळू बोललं तरी कळतं त्यांना. मला केवढं बरं वाटलं होतं. मी कुणाचं तरी भलं केलं होतं.

गिऱ्हाईक आलं की भगवानभाऊ रुमाल काढायचा. स्वच्छ पांढरा, वहिनीनं निळीत काढलेला. आधी साध्या डिझेलवर जनरेटर चालवायचा आणि सायलेन्सरच्या तोंडाशी रुमाल धरायचा. तो काळा व्हायचा. मग आमचं औषध घालून दुसरा रुमाल. तो पांढराच राहायचा. अगदी कोरा नाही, पण पांढराच म्हणावा असा. भगवानभाऊ तो दोन्ही हातांनी ताणून गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरायचा आणि मिशीतल्या मिशीत हसायचा. गिऱ्हाइकाला माझा एकही शब्द ऐकायची गरज उरायची नाही. तरी मी बोलायचेच. पांढरा कोट घालून बोलायचे.

आता त्या रिपोर्टकडे येते. पुन्हा बाजूला वळावंसं वाटतंय, पण येते.

धूर कमी होतो हे डोळ्यांना दिसत होतं, पण माझ्याकडे त्याचा कागद नव्हता. मोठ्या गिऱ्हाइकांना कागद लागतो. मी सायलेन्सरसमोर फिल्टर पेपर लावून धूर गोळा केला आणि एका बाहेरगावच्या लॅबला तपासायला पाठवला. शेठला न सांगता. चांगला रिपोर्ट आला की त्यांच्या टेबलावर ठेवायचा, अशा ऐटीत. पाकीट माझ्या नावानं आलं. मी ते उभ्याउभ्या फोडून वाचलं.

आकडे सांगत नाही, अर्थ सांगते. डोळ्यांना दिसणारी काजळी कमी झाली होती, हे खरंच. पण जे न दिसणारं, अतिशय बारीक, ते वाढलं होतं. आणि त्यात सिरियम होतं. आमचंच, मी जमवलेलं. रुमालाच्या विणीतून ते आरपार जात होतं, म्हणून रुमाल पांढरा राहत होता. इतके बारीक कण नाकात अडत नाहीत, घशात अडत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. हे मला रिपोर्टनं शिकवायची गरज नव्हती. उंदरांच्या फुप्फुसांत असे कण साचून राहतात आणि सूज धरते, एवढं मी वाचलेलं होतं. माणसांचं काय होतं? पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं. आजही सगळं ठाऊक आहे असं नाही. या ‘पक्कं ठाऊक नाही’चा आडोसा करून मी किती वर्षं काढली!

मी रिपोर्ट फाडला. लहान लहान तुकडे केले आणि बायकांच्या संडासात टाकून पाणी सोडलं. शेठनं मला काही लपवायला सांगितलं नव्हतं, हे नीट ऐका. त्यांना तो कागद आला हेच माहीत नव्हतं. मी सांगितलं असतं तर त्यांनी काय केलं असतं? कदाचित माल बंद केला असता. कदाचित मलाच बंद केलं असतं. मी त्यांना ठरवायची संधीच दिली नाही. कुणी धमकावलं नाही, कुणी आमिष दाखवलं नाही. मला फक्त ‘बेननो माल’ हा शब्द सोडवत नव्हता. एवढ्यासाठी? हो, एवढ्यासाठी.

त्यानंतर आठवडाभरात भगवानभाऊनं मला विचारलं.

दुपारी जेवणं झाली होती. तो लॅबच्या दाराशी आला. चार माणसांत तो मला मॅडम म्हणायचा, तेव्हा कुणी नव्हतं. तो मिसळायच्या खोलीत आणि शेडमध्ये तोंडावर ओला गमछा बांधायचा. कुणी सांगितलं नव्हतं, लूमवरची सवय. त्या दिवशी तो गमछा हातात होता आणि त्यावर पिवळसर डाग होता. तो मला दाखवत त्यानं विचारलं,

“ताई, हाई छातीमा तं जात नही ना?”

आणि मी—कारखान्यात मी कधी अहिराणी बोलत नसे. हिंदी, गुजराती, गिऱ्हाइकांशी थोडं इंग्रजी. त्या दिवशी माझ्या तोंडून माझ्या आईची भाषा निघाली. खोटं बोलायला मी ती वापरली.

“नही रे भाऊ. हाई सगळं जळी जास.”

सगळं जळून जातं. ऑक्साइड म्हणजे आधीच जळून झालेलं, ते आणखी काय जळणार? कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या मुलीनंही हसावं असं खोटं. पण त्याला सांगणारी त्याची ताई होती, आणि ताई शिकलेली होती. त्याचा चेहरा मोकळा झाला. मी तेवढ्यावर थांबले असते तरी—नाही, थांबले असते तरी काही माफ नव्हतं. पण थांबलेही नाही. चार दिवसांनी बारडोलीकडचे ऊस वाहणारे ट्रकवाले माल बघायला यायचे होते. मी त्याला म्हणाले, की ती माणसं येतील तेव्हा गमछा बांधू नकोस, उगीच शंका येते लोकांना. आपला माल स्वच्छ आहे ना, मग तोंड कशाला झाकायचं?

तो बरं म्हणाला. ट्रकवाले आले, त्यानं उघड्या तोंडानं रुमाल धरला, रुमाल पांढरा राहिला, माल गेला. त्या दिवसापासून त्यानं गमछा बांधणंच सोडलं. गिऱ्हाईक असो वा नसो. मी रोज ते पाहत होते. लॅबच्या खिडकीतून शेड दिसते.

दोनेक वर्षांनी तो खोकायला लागला.

आधी कोरडा खोकला. मग जिना चढताना मध्ये थांबणं. मग बाटल्यांचा खोका उचलताना ओठ निळसर दिसणं. घराजवळच्या दवाखान्यातून टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि मला—काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. टीबी आहे, टीबी कुणालाही होतो. मी त्याला डब्यातून उकडलेली अंडी न्यायला लागले. वहिनी सगळ्यांना सांगायची, की ताई यांची किती काळजी घेते.

गोळ्यांनी फरक पडेना. शेवटी त्याला मोठ्या दवाखान्यात दाखल केलं. वहिनीला कागदपत्रांचं, डॉक्टरांशी बोलण्याचं जमत नव्हतं, म्हणून तिनं मला बोलावलं. मी गेले. छातीच्या वॉर्डात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, गुजराती, फार शांत. त्यांनी छातीचा एक्स-रे फोटो उजेडासमोर धरला आणि बराच वेळ पाहत राहिल्या. हिंदीत म्हणाल्या, की हा टीबीसारखा वाटत नाही, मला नीट सांगा, हे काम काय करायचे? धूळ, दगड, धातू, कसली पावडर, काहीही?

मी म्हणाले, लूमवर होते, बारा वर्षं. कापसाची, धाग्याची धूळ खूप असते.

हे खरं होतं. खरं होतं म्हणूनच मी ते पुढे केलं. डॉक्टरीणबाई लिहायला लागल्या.

तेव्हा पलंगावरून भगवानभाऊनं हात उचलला. नाकाला ऑक्सिजनची नळी होती, बोलायला दम पुरत नव्हता. तरी तो म्हणाला, “पावडर… पिवळी.” आणि बोटांनी तराजू धरल्यासारखं केलं.

डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवलं. माझ्याकडे वळून विचारलं, कसली पावडर?

मी जिथवर येत नव्हते ते हेच. रिपोर्ट फाडणं, गमछा सोडायला लावणं, ते सगळं मी कधीकधी स्वतःशी बोलू शकते. हे बोलू शकत नाही. त्या बाई पेन धरून थांबल्या होत्या. एक शब्द हवा होता. सिरियम. मला त्याचं स्पेलिंगही येत होतं. तेव्हा आमचा माल जोरात चालला होता आणि शेठ मला भागीदारीत घ्यायचं बोलत होते. हे कारण म्हणून सांगत नाहीये—त्या क्षणी माझ्या मनात ते होतं, म्हणून सांगतेय. समोर माणूस श्वासासाठी तडफडत होता आणि माझ्या मनात ते होतं.

मी म्हणाले, “कपडे का पावडर है, मॅडम. सॉफ्टनर. साबुन जैसा.”

त्यांनी तसं लिहिलं.

मी भगवानभाऊकडे पाहिलं. मला वाटलं त्याला कळलं असेल. तो मान हलवेल, नाही म्हणेल, माझ्याकडे रागानं बघेल. त्यानं हात खाली घेतला आणि मान डोलावली. ताई सांगते ते बरोबर असणार. आपल्यालाच नीट माहीत नसणार. त्याच्या डोळ्यांत तेवढंच होतं. शंकेचा एक ठिपकाही नव्हता. तो ठिपका असता तर मी आज जरा बरी जगले असते का? काय माहीत.

सतरा दिवसांनी तो गेला.

मी सांगितलं असतं तर वाचला असता? डॉक्टर नाही मी. फुप्फुस फार खराब झालं होतं, कदाचित नसता वाचला. कदाचित थोडं जगला असता, कदाचित वेगळी औषधं लागू पडली असती. आणि ते आमच्या पावडरनंच झालं, हे तरी मी शपथेवर कुठे सांगू शकते? लूमची वर्षं होतीच. हे कधीच कळणार नाही, आणि कळू नये याची तजवीज मीच केली. ज्या एका माणसाला कारण शोधायचं होतं, त्याच्या हातातून मी धागा काढून घेतला.

दिवसकार्याला मी वहिनीशेजारी बसले होते. आलेल्या बायकांना ती माझा हात धरून सांगत होती, “ह्या ताई व्हत्यात म्हनीसन मोठा डॉक्टर तरी भेटना.” मी होते म्हणून मोठा डॉक्टर तरी भेटला, असं. मी हात सोडवून घेतला नाही. धरू दिला. त्यानंतर काही महिन्यांनी तिच्या फोनवर त्या डॉक्टरीणबाईंचा निरोप आला. फोटो त्यांच्या डोक्यातून जात नव्हता, कामाची माहिती पुन्हा हवी होती, कारखान्यातल्या कुणीतरी फोन करावा. वहिनीनं नंबर मला दिला. विश्वासानं. मी लिहून घेतला आणि फोन केला नाही. पुढे वहिनीनं विचारलं तेव्हा सांगितलं, की बोलले मी त्यांच्याशी, काही विशेष नव्हतं. म्हणजे पुन्हा एक खोटं.

वहिनी आता मार्केटजवळ साड्यांना घड्या घालायला जाते. मला रस्त्यात भेटली की थांबते. ती दुरून दिसली तर मी गल्ली बदलते.

आणि भगवानभाऊ तर एक. त्याला नाव आहे, मी त्याला ओळखत होते, म्हणून तो मला छळतो. बाकीच्यांचं काय? इतक्या वर्षांत किती बाटल्या गेल्या. ट्रकांत, टेम्पोंत, मिलांच्या जनरेटरांत. ते सगळं कुठे गेलं? जळलं नाही, एवढं मला माहीत आहे. उडालं, आणि उडालेलं कुठेतरी बसतंच. बारडोलीच्या रस्त्याकडेच्या उसाच्या पानांवर, गच्चीत वाळत टाकलेल्या कपड्यांवर, आमच्या पिंपांतल्या पाण्यावर. बाटल्या धुतलेलं पाणी मागच्या गटारातून खाडीला गेलं. तिथे मातीत काय होतं, माशांत काय होतं, मी कधी तपासलं नाही. तपासण्याचा अनुभव मी एकदा घेतला होता. सकाळी पर्वत पाटियाच्या चौकात रिक्षाची वाट बघत उभी असते तेव्हा टेम्पो जातात, धूर जवळपास दिसतच नाही. लोकांना वाटतं हवा सुधारली. माझी मुलगी त्याच चौकातून स्कूटी घेऊन कॉलेजला जाते. तिला मी कधी म्हणाले नाही, की तोंड बांध. म्हणाले तर ती विचारेल, का?

काढून घेता येईल असं ते राहिलेलंच नाही. लोखंडाचा चुरा असता तर चुंबकानं गोळा केला असता. हे कुठून आणि कशानं गोळा करायचं? रात्रंदिवस जग ते श्वासात घेतं आणि कुणाला खोकलाही लगेच येत नाही.

माल अजून बनतो. मी भागीदार झाले. बाटलीवर हिरवं पान छापलेलं आहे, ते चित्र मीच निवडलं.

मिसळायच्या खोलीत आता ओडिशाचा एक माणूस आहे, पस्तिशीचा. दोन वर्षं झाली त्याला. कामाला चोख, बोलायला कमी. मला मॅडम म्हणतो. त्यानं मला काही विचारलेलं नाही आणि मी त्याला काही सांगितलेलं नाही.

उद्या सोमवार. नऊ वाजता तो पावडर तोलायला घेईल, आणि मी लॅबमध्ये असेन.